मेटफॉर्मिन, लॅक्टिक ॲसिडोसिस आणि ते साडेतीन दिवस

वडिलांच्या औषधांच्या डबीला सात कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याचे सकाळ व रात्र असे दोन भाग आहेत. त्यांना अतिदक्षता विभागात दाखल करून मध्यरात्री घरी परतल्यावर मी ती डबी उघडून पाहिली. मंगळवार रिकामा होता, बुधवार रिकामा, गुरुवार रिकामा आणि शुक्रवारची सकाळही रिकामी. उलट्या-जुलाबांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाने साडेतीन दिवसांत एकही गोळी चुकवली नव्हती. पोटात घोटभर पाणी ठरत नव्हते, तरी मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतली जात होती, आणि ती उलटून पडली नाही याचे आम्हा सर्वांना समाधानच वाटत होते.

बाबांचे वय तेव्हा एकाहत्तर होते आणि मधुमेह चौदा वर्षांचा. या चौदा वर्षांत आमच्या घरात एकच नियम कधी मोडला गेला नाही, तो म्हणजे गोळी चुकवायची नाही. त्या नियमाने त्यांचे भले केले होते, त्यांचे डोळे आणि पाय शाबूत ठेवले होते, म्हणून त्याविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. तोच नियम आजारपणाच्या दिवसांत जिवावर बेतू शकतो, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. हा लेख त्या न सांगितल्या गेलेल्या गोष्टीविषयी आहे. मी डॉक्टर नाही, पण त्या दिवसांनंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले आहे आणि बाबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून ते समजून घेतले आहे.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या श्वासाने मला प्रथम घाबरवले. त्यांना खोकला नव्हता, छातीत घरघर नव्हती, तरी ते जिना चढून आल्यासारखा खोल आणि भरभर श्वास घेत होते, आणि तोही पलंगावर निश्चल पडलेले असताना. दोन शब्द बोलले की तिसऱ्यासाठी त्यांना थांबावे लागे. हातपाय गार पडले होते आणि डोळे मिटत होते. मी ग्लुकोमीटरवर रक्त तपासले तर आकडा १४२ आला. "शुगर तर बरी आहे," असे मी आईला म्हणाले, आणि त्या एका वाक्यामुळे आम्ही आणखी चार तास घरीच काढले. मधुमेही माणसाचे सगळे संकट साखरेच्या आकड्यात दिसते, अशी आमची समजूत होती. बाबांचे संकट त्या आकड्यात नव्हतेच.

रुग्णालयात मनगटाच्या धमनीतून रक्त घेतले गेले आणि काही मिनिटांत यंत्रातून कागदाची एक अरुंद पट्टी बाहेर आली. रक्ताचा पीएच, म्हणजे जितका खाली तितके रक्त अधिक आम्ल असे सांगणारा आकडा, ६.९८ होता, जो ७.३५ ते ७.४५ या अगदी चिंचोळ्या मर्यादेत राहायला हवा. लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे रक्तातले रूप, १६.८ मिलिमोल प्रतिलिटर होते, जे एरवी २ च्या आत असते; ते ५ च्या वर गेले आणि पीएच ७.३५ च्या खाली आला की त्याला लॅक्टिक ॲसिडोसिस म्हणतात. थोड्या वेळाने क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणाऱ्या टाकाऊ द्रव्याचा अहवाल आला, तो ७.१ होता. ती पट्टी हातात धरूनच तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "मेटफॉर्मिन घेतात का? शेवटची गोळी कधी घेतली?" आज सकाळी, असे आईने सांगितले, आणि ते तिने थोड्या अभिमानाने सांगितले हे मला अजून आठवते.

लॅक्टिक आम्ल म्हणजेच दुग्धाम्ल. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले, म्हणून हे नाव. आपल्या शरीरात ते रोज, प्रत्येक क्षणी तयार होत असते. तांबड्या रक्तपेशींना ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्याची सोयच नसते, त्यामुळे त्या ग्लुकोजचे लॅक्टेटच करतात. स्नायू, त्वचा आणि आतडी यांचीही त्यात भर पडते. एरवी हे लॅक्टेट रक्तात साठत नाही, कारण यकृत ते उचलते आणि त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. मूत्रपिंडेही या कामातला बराच वाटा उचलतात. स्नायूंतून यकृताकडे आणि यकृतातून पुन्हा स्नायूंकडे चालणाऱ्या या फेऱ्याला कोरी चक्र म्हणतात. ते ज्यांनी उलगडले त्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मेटफॉर्मिन काय करते ते पाहिले की सगळा उलगडा होतो. मधुमेहात यकृत गरज नसतानाही ग्लुकोज बनवून रक्तात सोडत राहते, विशेषतः रात्रभर, आणि मेटफॉर्मिन यकृताच्या याच उद्योगाला लगाम घालते. पेशींमधल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) ऊर्जानिर्मितीची जी साखळी असते, तिच्या पहिल्या टप्प्यावर हे औषध सौम्य दाब आणते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले, आणि त्यानंतर यकृतातल्या इतर वाटाही समोर आल्या. थोडक्यात, लॅक्टेटपासून ग्लुकोज बनण्याचा मार्ग अरुंद होतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण ही गोळी घेतो, त्याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे लॅक्टेटचा निचरा थोडा मंदावणे. औषधाची रक्तातली पातळी योग्य असते तोवर हा फरक इतका किरकोळ असतो की तो कोणाला जाणवतही नाही. पातळी अनेक पटींनी वाढली तर मात्र यकृत लॅक्टेट उचलेनासे होते, इतर पेशींनाही ऑक्सिजन असून तो नीट वापरता येत नाही, आणि त्या आणखी लॅक्टेट तयार करू लागतात. बाबांचा तो खोल श्वास म्हणजे रक्तातले आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकण्याची फुप्फुसांची शर्थ होती.

ही पातळी वाढते कशी, या प्रश्नाचे उत्तर मूत्रपिंडात आहे. पुष्कळ औषधे यकृतात मोडली जातात. मेटफॉर्मिन मोडले जात नाही. ते जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे ते नुसते गाळत नाहीत, नलिकांमधून जोर लावून बाहेर टाकतात, त्यामुळे निरोगी माणसात शोषले गेलेले जवळपास ९० टक्के औषध चोवीस तासांत निघून जाते. या व्यवस्थेत पर्यायी वाट नाही. मूत्रपिंडे बंद पडली की औषधाला बाहेर जायला दारच उरत नाही, आणि पुढची प्रत्येक गोळी आधीच्या गोळ्यांवर साचत जाते.

बाबांच्या मूत्रपिंडांची चाळण आधीच थोडी झिजलेली होती. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.५ आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ४९ होता. या आकड्याला मेटफॉर्मिन बंद करण्याची गरज नसते, म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ते चालू ठेवले यात मला चूक दिसत नाही. पण त्या आठवड्यात काय काय एकत्र आले ते पाहावे. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी गेले. रक्तदाबाच्या गोळीत सार्टन गटातले औषध आणि लघवी वाढवणारे औषध असे दोन्ही होते. पाणी कमी असताना पहिले मूत्रपिंडातला दाब आणखी उतरवते आणि दुसरे उरलेले पाणीही बाहेर काढते. त्यातच अंग दुखते म्हणून बाबांनी दोन दिवस वेदनाशामक गोळी घेतली, जी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आकसून टाकते. यांतली प्रत्येक गोष्ट एकटी आली असती तर कदाचित निभावले असते. त्या चारही एकाच वेळी आल्या, आणि गुरुवारपासून बाबांना लघवी जवळजवळ झालीच नव्हती, याकडे उलट्या-जुलाबांच्या गडबडीत आमचे लक्ष गेले नाही.

आणखी एक फसवी गोष्ट इथेच सांगायला हवी. मेटफॉर्मिन सुरू करताना पहिल्या काही आठवड्यांत मळमळ आणि पातळ शौच हे त्रास अनेकांना होतात; डोस हळूहळू वाढवला, गोळी जेवणाबरोबर घेतली की ते बहुधा शमतात. लॅक्टिक ॲसिडोसिसची सुरुवातही मळमळ, उलट्या, पोटदुखी, स्नायूंचे दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे अशाच लक्षणांनी होते. त्यामुळे आजारी माणूसही आणि घरचेही "गोळीचा त्रास आहे, होतो असा" म्हणून सोडून देतात. पण ज्याला हे औषध वर्षानुवर्षे मानवले आहे, त्याला एकाएकी पोटाचा त्रास सुरू झाला तर तो गोळी नवी असतानाचा त्रास नव्हे. त्याचे कारण शोधायलाच हवे.

बाबांना त्याच रात्री डायलिसिसवर घेतले. मेटफॉर्मिन रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहत नाही, त्यामुळे ते डायलिसिसने बाहेर काढता येते, आणि हे या प्रसंगातले मोठेच सुदैव म्हणायला हवे. लॅक्टेट २० च्या वर गेले, पीएच ७.० किंवा त्याहून खाली उतरला, किंवा नेहमीचे उपचार लागू पडेनात, तर डायलिसिस करावे अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१५ साली केली आहे. बाबा पीएचच्या निकषात बसत होते. सहा तासांनी लॅक्टेट ७.४ पर्यंत उतरले तेव्हा मी आईला फोन करून सांगितले की धोका टळला. सकाळी ते पुन्हा ८.९ झाले. हे औषध केवळ रक्तात नसते, ते पेशींमध्ये खोलवर पसरलेले असते, आणि रक्त स्वच्छ झाले की पेशींतले औषध पुन्हा रक्तात उतरू लागते, हे मला त्या सकाळी समजले. दुसऱ्यांदा डायलिसिस अधिक वेळ चालले. त्यानंतर आकडा २.३ झाला आणि तिथेच राहिला. संध्याकाळी बाबांनी डोळे उघडून पहिली गोष्ट विचारली ती अशी: "रात्रीची गोळी दिली का?"

इतके वाचून कोणी आपली किंवा घरातल्या कोणाची मेटफॉर्मिनची गोळी उद्यापासून बंद करणार असेल, तर मला हात जोडून थांबवावेसे वाटते. तसे करणे धोक्याचे आणि अन्यायाचेही ठरेल. या औषधाच्या नावाला चिकटलेली भीती बरीचशी त्याच्या भावंडाची आहे.

मेटफॉर्मिनचे मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत सापडणाऱ्या ग्वानिडीन जातीच्या द्रव्यांपर्यंत जाते. प्रयोगशाळेत ते १९२२ साली डब्लिनमध्ये एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी तयार केले, आणि पॅरिसमधल्या ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ साली मधुमेही रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याची दोन भावंडेही बाजारात आली, फेनफॉर्मिन आणि ब्युफॉर्मिन. फेनफॉर्मिन अधिक जोमदार होते आणि काही काळ अधिक लोकप्रियही. पुढे ते घेणाऱ्यांमध्ये लॅक्टिक ॲसिडोसिसचे रुग्ण सापडू लागले, त्यांतले जवळपास निम्मे दगावत होते, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेसह अनेक देशांनी ते बाजारातून काढून टाकले. फेनफॉर्मिन यकृतात मोडावे लागते आणि काही माणसांमध्ये ते मोडणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच दुबळे असते, त्यामुळे नेहमीचा डोसही त्यांच्या शरीरात साचत जाई. शिवाय ते तंतुकणिकांना कितीतरी अधिक घट्ट चिकटते. मेटफॉर्मिनमध्ये हे दोन्ही दोष नाहीत. तरीही भावंडाच्या बदनामीमुळे अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९९४ चा डिसेंबर उजाडला, तोवर युरोपात ते तीन दशकांहून अधिक काळ वापरात होते.

मेटफॉर्मिनने होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडोसिसचे प्रमाण बहुतेक पाहण्यांत एक लाख रुग्णांमागे वर्षाला दहापेक्षा कमी भरते. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्यात ३४७ अभ्यास एकत्र केले होते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची ७०,४९० रुग्णवर्षे (एका रुग्णाचे एक वर्ष म्हणजे एक रुग्णवर्ष) त्यात मोजली गेली आणि लॅक्टिक ॲसिडोसिसचा एकही रुग्ण आढळला नाही. काही तज्ज्ञ तर असेही म्हणतात की अशा रुग्णांत जंतुसंसर्ग, रक्तदाब कोसळणे, मूत्रपिंड निकामी होणे हीच खरी कारणे असतात आणि मेटफॉर्मिन केवळ तिथे हजर असते. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. मेटफॉर्मिन एकटे क्वचितच गुन्हेगार असते हे खरेच आहे. पण अभ्यासात सहभागी झालेल्या माणसाची कोणीतरी नियमित विचारपूस करत असते, आणि साडेतीन दिवस घरी पडून राहिलेल्या माणसाची तशी करत नाही. धोका औषधाच्या रेणूपेक्षा त्या न विचारलेल्या साडेतीन दिवसांत अधिक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मूत्रपिंडाच्या मर्यादांविषयी आता पुरेशी स्पष्टता आहे. पूर्वी केवळ क्रिएटिनिन पाहून निर्णय घेत, पुरुषांत १.५ आणि स्त्रियांत १.४ ही सीमा धरत. वयस्कर, कृश माणसाचे स्नायू कमी असल्यामुळे त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी दिसते, आणि तो आकडा खोटा दिलासा देतो. म्हणून २०१६ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर हाच निकष ठरवला. तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन द्यायचे नाही, ३० ते ४५ मध्ये असेल तर नव्याने सुरू करायचे नाही, आणि औषध चालू असताना ४५ च्या खाली घसरला तर लाभ आणि धोका यांचा पुन्हा विचार करायचा, ज्यात अनेक डॉक्टर डोस निम्मा करतात. ईजीएफआर वर्षातून किमान एकदा तपासायला हवा, उतारवयात त्याहून अधिक वेळा. ज्यांचे मूत्रपिंड आधीच थोडे कमजोर आहे त्यांनी आयोडीनयुक्त द्रव्य टोचून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायची असेल, तर मेटफॉर्मिन चालू असल्याचे आधी सांगावे. ते थांबवून अठ्ठेचाळीस तासांनी मूत्रपिंडाची तपासणी करूनच पुन्हा सुरू करतात. अति मद्यपान, यकृताचा गंभीर आजार आणि हृदय किंवा फुप्फुसे एकाएकी खचणे यांतही हा धोका वाढतो.

परंतु हे सगळे डॉक्टरांच्या हातातले आहे. रुग्णाच्या हातातली गोष्ट एकच आहे आणि ती आम्हाला चौदा वर्षांत कळली नाही. वारंवार उलट्या-जुलाब होत असतील, जोराचा ताप असेल, किंवा खाणेपिणे बंद झाले असेल, तर मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवायचे आणि डॉक्टरांना लगेच कळवायचे. खाणेपिणे पूर्ववत होऊन चोवीस ते अठ्ठेचाळीस तास झाले की ते पुन्हा सुरू करायचे. सार्टन गटातली व तत्सम रक्तदाबाची औषधे, लघवीची गोळी आणि वेदनाशामके यांविषयीही त्याच वेळी विचारायचे. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्यांचे तर अशा दिवसांत वेगळेच भय असते. त्यांनी कीटोन वाढून रक्त आम्ल होऊ शकते, आणि तेही साखरेचा आकडा फारसा न वाढता. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करायचे नाही. कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असते, म्हणून हा प्रश्न धडधाकट असतानाच डॉक्टरांना विचारून उत्तर लिहून घ्यावे. उलट्या होत असताना रात्री अकरा वाजता तो सुचत नाही.

नेहमीच्या डॉक्टरांना मी नंतर भेटले तेव्हा मनात राग होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बाहेर बसलेल्या माणसांची गर्दी पाहून तो थोडा निवळला, पूर्ण गेला नाही. प्रत्येक चिठ्ठीवर गोळी केव्हा घ्यायची ते लिहिलेले होते. ती केव्हा घ्यायची नाही, यासाठी एक ओळ पुरली असती.

बाबा अकराव्या दिवशी घरी आले. मूत्रपिंडे सावरली, तरी महिन्याभरानंतरही ईजीएफआर ४१ वरच थांबला, म्हणून त्यांना मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केले नाही. दुसरी गोळी आणि रात्री थोडे इन्सुलिन यांवर त्यांची साखर आता ठीक आहे. त्यांच्या डबीच्या झाकणाला आतून मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर आजारपणात थांबवायच्या गोळ्यांची नावे आणि डॉक्टरांचा फोन क्रमांक आहे, आणि खाली बाबांनीच आपल्या अक्षरात लिहिले आहे, "लघवी किती वेळा झाली ते मोजणे."

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. ती गेली नऊ वर्षे मेटफॉर्मिन घेते आणि तिची मूत्रपिंडे उत्तम आहेत. "सकाळपासून पाच वेळा उलटी झाली गं, पण गोळी घेतली की राहील ना पोटात?" असे ती विचारत होती. मी तिला म्हटले, "मावशी, आज गोळी घेऊच नकोस. आधी डॉक्टरांना फोन कर, आणि घोट घोट पाणी पीत राहा." डॉक्टरांनीही तेच सांगितले. दोन दिवसांनी ती नीट जेवू लागली आणि तिसऱ्या दिवशी तिने गोळी पुन्हा सुरू केली.